कॉनेमारा: डायमंड हिल, कायलमोर आणि रणजींची नदी

शुक्रवार: गॉलवे ते लेटरफ्रॅक

आयर्लंडला जाऊन आलो म्हटलं की लोक पहिलं विचारतात क्लिफ्स ऑफ मोहर बघितले का. बघितले, छान आहेत, पण त्यावर आधीच ढिगाने लिहून झालंय. मला लिहायचंय ते कॉनेमाराबद्दल. गॉलवे शहराच्या पश्चिमेला अटलांटिकपर्यंत पसरलेला हा डोंगर, तळी आणि दलदलीचा पट्टा. बहुतेक लोक तो गॉलवेहून, काही तर डब्लिनहून, दिवसभराच्या टूर बसने उरकतात. तळ्याकाठच्या कायलमोर ॲबी या मठाला दोन तास, लीनान गावात चहा, की फिरली बस माघारी. माझी भाची डब्लिनला नोकरीला आहे, ती आधीच म्हणाली, "मावशी, बसने गेलीस तर काचेवरचा पाऊस बघून येशील, बाकी काही नाही." म्हणून मग मी, आमचे हे, भाची आणि जावईबापू असे चौघं तिच्या गाडीतून निघालो आणि शनिवार-रविवार लेटरफ्रॅक नावाच्या छोट्याशा गावातच मुक्काम ठोकला. आता परत येऊन विचार करते तर सगळ्या ट्रिपमधला हाच निर्णय सगळ्यात शहाणपणाचा होता.

गॉलवेहून दीड तासाचा रस्ता, आम्हाला अडीच लागले कारण दर दहा मिनिटांनी कुणीतरी "थांबव थांबव" ओरडायचं. ऊटरार्ड सोडलं की शेतं संपतात आणि माळ सुरू होतो, तपकिरी, ओला, लांबच लांब, मधेमधे काळी तळी. माम क्रॉसच्या पुढे मोठा रस्ता सोडून आयना व्हॅलीचा रस्ता घ्या. डावीकडे ट्वेल्व्ह बेन्सचे डोंगर, उजवीकडे माउमटर्क्सचे, मधून आपली गाडी. मेंढ्या रस्त्याच्या मधोमध बसलेल्या असतात आणि हॉर्नला अजिबात भीक घालत नाहीत. अरुंद रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट वर करून रामराम करतो. पहिल्या दोघांना जावईबापूंनी पूर्ण हात हलवला तर भाची म्हणाली, "एक बोट पुरे, टुरिस्ट आहोत ते लगेच कळतं."

बीअँडबी, म्हणजे मुक्काम आणि नाश्ता देणारं घर, चालवणाऱ्या आजी दारातच उभ्या होत्या. पंच्याहत्तरीच्या असतील. बॅगा आत जायच्या आधी चहा समोर आला, बरोबर स्कोन, जॅम आणि लोणी. इथल्या लोण्याबद्दल मी वेगळा लेख लिहू शकते. बाहेर चुलाण्याचा असतो तसा वास येत होता, तो पीटचा. दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून दबलेल्या वनस्पतींचा थर विटांसारखा कापून वाळवतात आणि जाळतात. आता त्यावर बरीच बंधनं आलीत, पण ज्यांचा जुना हक्क आहे ते अजूनही घरापुरती कापतात.

टीप: आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. युरोपचा व्हिसा इथे चालत नाही. भारतीय पासपोर्टवर यूकेचा व्हिसा असेल आणि त्यावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद असेल तर तो काही अटींवर आयर्लंडलाही चालतो, नाहीतर आयरिश व्हिसा वेगळा काढावा लागतो. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब हे न बघता तिकिटं काढून बसलं होतं.

शनिवार सकाळ: डायमंड हिल

ब्रेकफास्टला आजींनी विचारलं ब्लॅक पुडिंग चालेल का. नाव ऐकून आमच्या ह्यांचा चेहरा खुलला, त्यांना वाटलं काहीतरी गोड चॉकलेटचं असणार. भाचीने घाईने सांगितलं, "काका, डुकराच्या रक्ताचं असतं ते." आमचे हे शुद्ध शाकाहारी. आजी मात्र जराही गडबडल्या नाहीत, अंडी, मशरूम, टोमॅटो, बटाट्याची पोळी आणि ताजा ब्राऊन ब्रेड अशी वेगळी प्लेट आली, आणि मग उरलेला अख्खा वेळ त्यांनी ह्यांनाच आग्रह करकरून वाढलं.

कॉनेमारा नॅशनल पार्कचं ऑफिस गावातच आहे, चालत पाच मिनिटं. पार्क १९८० मधे सुरू झालं, प्रवेश फुकट, पार्किंग फुकट. पण पार्किंग साडेदहानंतर भरतं म्हणून नऊलाच निघालो. डायमंड हिलची उंची ४४२ मीटर. हे आकडा वाचून म्हणाले, "म्हणजे निंबाळकरांपेक्षा एक रन कमी." जावईबापू बिचारे नागपूरचे आणि फुटबॉलवाले, त्यांना काही कळेना. मग पहिला अर्धा किलोमीटर भाऊसाहेब निंबाळकर, १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२च्या विक्रमाला नऊ कमी असताना लंचला समोरच्या कॅप्टनने मॅचच सोडली, हा सगळा इतिहास ऐकत आम्ही चाललो. लक्षात ठेवा, काठियावाड पुन्हा येणार आहे.

४४२ मीटर वाचून कुणी हसू नका. कळसूबाई १६४६ आहे वगैरे ठीक आहे, पण इथे चालायला सुरुवातच जवळपास समुद्रसपाटीपासून होते. चढ सिंहगडाच्या पायवाटेपेक्षा कमीच आहे, खरा त्रास वाऱ्याचा. खालचा निळा लूप, म्हणजे फिरून परत येणारी वाट, साधारण तीन किलोमीटरचा, तो कुणीही करेल, आजीआजोबा, लहान मुलं सगळे. त्याच्या टोकाला लाल लूप लागतो, तो शिखरावरून फिरून खाली येतो. दोन्ही मिळून सातेक किलोमीटर, आरामात तीन तास धरा. वरचा लूप एकाच दिशेने करायचा, पाट्या आहेत, उलटं जाऊ नका, वाट अरुंद आहे.

सुरुवातीचा भाग लाकडी फळ्यांवरून जातो. फळ्या कशासाठी ते कळायला जावईबापूंनी एक पाय बाजूला टाकून बघितला, ओल्या गादीवर ठेवल्यासारखा घोट्यापर्यंत आत. ही ब्लँकेट बॉग, म्हणजे अख्ख्या उतारावर पसरलेली दलदल, पाणी धरून बसलेली. फळ्या नसत्या तर माणसांच्या पायांनी ती कधीच उखडली असती. जूनमधे तिच्यावर बॉग कॉटनचे पांढरे झुबके वाऱ्यावर हलत असतात आणि अधूनमधून रंगीत मेंढी दिसते. मी म्हणजे खाली बघत चालणारी बाई, त्यामुळे फळीच्या अगदी कडेला शेवाळ्यात लालसर काहीतरी चमकलं ते मलाच दिसलं. गुडघ्यावर बसले तर दवबिंदू! आपल्या कास पठारावर पाऊस संपता संपता बघतो तीच कीटक खाणारी वनस्पती, तिची इथली जात गोल पानांची. पान नखाएवढं, त्यावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात एक मिज अडकलेला, पाय अजून हलत होते. मिज म्हणजे इथले चिलटापेक्षा बारीक डास, वारा पडला की ढगासारखे येतात आणि कानामागे चावतात. त्यामुळे खरं सांगते, मला त्याची दया आली नाही. माझ्यामागे चार-पाच माणसं खोळंबली होती, त्यांना वाटलं बाई पडली. सगळ्यांना दाखवलं. एक जर्मन काका तर पोटावर झोपून फोटो काढायला लागले.

वरच्या लूपवर दगडी पायऱ्या सुरू होतात. दगड क्वार्ट्झाइटचा, फिकट, ऊन पडलं की चकाकतो. आम्हाला ऊन मिळालं ते अकरा मिनिटं वगैरे असेल. त्याआधी ढग, मग आडवा पाऊस, मग पुन्हा ढग, मग एकदम सगळं उघडलं. शिखरावर एक दगडांचा ढीग आहे, त्याच्या आडोशाला बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली (भाचीने पहाटे उठून केल्या होत्या, गुणाची पोर). आणि ढग बाजूला सरकले. एका बाजूला ट्वेल्व्ह बेन्सचे बोडके सुळके, दुसऱ्या बाजूला बॅलिनाकिलची खाडी, पलीकडे समुद्रात इनिशबोफिन बेट, उत्तरेला म्वीलरे, ८१४ मीटरचा, सगळ्या कॉनॉट प्रांतातला सगळ्यात उंच डोंगर. आणि खाली तळ्याकाठी कायलमोर ॲबी, काडेपेटीएवढी. जेमतेम फोटो काढले तोवर पुन्हा पडदा पडला. आमच्यानंतर दहा मिनिटांनी आलेल्या बिचाऱ्यांना काहीही दिसलं नाही. वर ढग असला तरी थांबा, घाई करून उतरू नका, इथली हवा तुम्हाला कंटाळून बदलतेच.

काय घालायचं: छत्री नेऊ नका, वारा तिची वाट लावतो. वॉटरप्रूफ जॅकेट, शक्यतो पँटसुद्धा, आत पातळ पातळ थर. जीन्स नको, एकदा भिजली की दिवसभर तशीच. ग्रिपवाले बूट हवेत, पण भारी ट्रेकिंग शूज पाहिजेतच असं नाही. हेडनेट (डोक्यावरून घ्यायची जाळी) दुकानात मिळते, जून ते ऑगस्टमधे येणार असाल तर घ्या, हसतील ते हसू द्या.

उतरल्यावर पार्कच्या टी रूममधे सूप. शाकाहारी माणसाने आयर्लंडमधे सूप ऑफ द डे आणि ब्राऊन ब्रेड एवढं धरून ठेवावं, फक्त स्टॉक चिकनचा आहे का ते विचारून घ्यावं, आम्हाला दोनदा तो निघाला.

गावाबद्दल थोडं, कारण चालत बघितलं नसतं तर हे कळलंच नसतं. लेटरफ्रॅक वसवलं ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका जोडप्याने, १८४९ मधे, बटाट्याच्या दुष्काळानंतर लोकांना काम मिळावं म्हणून. नंतर त्याच जागेत १८८७ ते १९७४ ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक धर्मसंघाची औद्योगिक शाळा होती, म्हणजे गरीब, अनाथ किंवा कोर्टाने पाठवलेल्या मुलांना डांबून ठेवायची जागा. मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार, सगळं नंतर सरकारी चौकशीत बाहेर आलं. पार्कच्या जवळच झाडीत त्या मुलांची दफनभूमी आहे. ओळीने छोटे दगड, नावं आणि वयं. कुणीतरी खेळण्यातल्या गाड्या ठेवल्या होत्या, त्यात पाणी साचलं होतं. टूर बस इथे थांबत नाही.

शनिवार दुपार: कायलमोर ॲबी

गाडीने दहा मिनिटं. फोटोत दिसते तशीच आहे, तळ्यात प्रतिबिंब वगैरे, फक्त फोटोत न दिसणारी गर्दी इथे भरपूर. मँचेस्टरच्या कापूस व्यापारातल्या पैशावर मिचेल हेन्री या डॉक्टरने १८६७ पासून हा वाडा बायकोसाठी बांधायला घेतला. ती बायको मार्गारेट १८७४ मधे इजिप्तच्या प्रवासात आजारी पडून गेली, जेमतेम पंचेचाळिशीची. मग त्याने तिच्या आठवणीत थोड्या अंतरावर एक छोटं गॉथिक चर्च बांधलं. वाड्यातल्या खोल्या मला सगळ्या राजवाड्यांतल्या खोल्यांसारख्याच वाटल्या, चर्च मात्र चुकवू नका. आतले खांब वेगवेगळ्या रंगांच्या संगमरवराचे आहेत, चार प्रांतांचे चार रंग, त्यातला हिरवा इथलाच, कॉनेमाराचा. मी हात लावून बघितला, गार आणि साबणासारखा गुळगुळीत.

बेनेडिक्टाइन नन्स इथे आल्या १९२० मधे. त्यांचा मठ बेल्जियममधे ईपरला होता, पहिल्या महायुद्धात तो बेचिराख झाला. त्यांनी इथे मुलींची बोर्डिंग शाळा काढली, ती २०१० पर्यंत चालली. आणि आता ऐका, माहितीफलकांपाशी हे मोठ्याने ओरडले, "अगं, रणजी!" आपल्या रणजी ट्रॉफीवाले रणजितसिंहजी, नवानगरचे जामसाहेब, त्यांच्या पुतण्या या शाळेत शिकायला होत्या. काठियावाडच्या राजकन्या, पीटच्या धुरात, आयरिश नन्सच्या हाताखाली. का, तर काका जवळच राहायला होते. ते उद्या.

भिंतीआडची बाग एक मैलभर लांब आहे, शटल बस असते, तिकिटातच. सहा एकर, १८६० च्या दशकातली, एके काळी इथे एकवीस काचघरं होती आणि त्यात केळी पिकवायचे म्हणे. नन्सनी केलेली चॉकलेटं दुकानात मिळतात, महाग आहेत, तरी घेतलीच.

टीप: तिकीट ऑनलाइन काढा, स्वस्त पडतं. दुपारी साडेतीननंतर जा, बसेस निघून गेलेल्या असतात. जूनमधे उजेड रात्री दहा-सव्वादहापर्यंत असतो, त्यामुळे अंधाराची घाई नाही.

संध्याकाळ: किलरी आणि पब

कायलमोरहून लीनानपर्यंत गेलो ते किलरी बघायला. समुद्राची सोळा किलोमीटर लांब चिंचोळी खाडी, दोन्हीकडे डोंगर. पाण्यावर काळ्या पिंपांच्या ओळी दिसतात, त्यांना दोर बांधून खाली शिंपले वाढवतात. मी ते संध्याकाळी चाउडरमधे खाल्ले, क्रीममधे धुरावलेला मासा, बटाटा आणि शिंपले. माझ्या मते संपूर्ण आयर्लंडमधे खावं असं एकच काही निवडायचं तर हे.

पाणी सोडून समोरच्या डोंगराकडे बघा. उतारावर समांतर उभ्या रेघा दिसतात, गवताखाली दबलेल्या. ते बटाट्याचे जुने वाफे. १८४५ पासून पिकावर करपा पडला, पाच-सहा वर्षांत साधारण दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. पुष्कळ ठिकाणी ते वाफे नंतर कुणी पेरलेच नाहीत. तिरपं ऊन असेल तेव्हा जास्त उठून दिसतात. भाची इतक्या वेळा इथून गेलीय, तिलाही हे पीटच्या गाडीवाल्या एका माणसाने थांबून दाखवलं तेव्हाच कळलं.

रात्री गावातल्या पबमधे. आम्ही दोघं न पिणारे, काही अडत नाही, चहा मागितला तरी कुणी वळून बघत नाही. शेजारच्या टेबलावर एक मेंढपाळ शेतकरी होते, सत्तरीचे. मेंढ्यांवर निळे-लाल पट्टे का, विचारलं. डोंगर सगळ्यांच्या सामाईक चराईचा, आपल्या गायरानासारखा, कुंपण नाही, म्हणून प्रत्येकाचा रंग ठरलेला. मग म्हणाले लोकरीचं काही खरं नाही, मेंढी भादरायला जेवढे पैसे जातात तेवढेही लोकर विकून येत नाहीत. त्यांनी ह्यांना विचारलं तुमच्याकडे म्हैस दूध किती देते. ह्यांचा जन्म गेला बँकेत, पण अशा ठामपणे आकडे सांगितले की मी गप्पच बसले.

दहाच्या सुमारास कोपऱ्यात फिडल (व्हायोलिनच), कॉन्सर्टिना ही छोटी हातपेटी आणि बोऱ्हान नावाचा हातात धरून वाजवायचा ढोल सुरू झाला. स्टेज नाही, माइक नाही, वाजवणारे एकमेकांकडे तोंड करून बसतात. मधेच एक बाई डोळे मिटून नुसत्या गळ्याने आयरिश भाषेत गायला लागल्या, शॉन-नोस म्हणतात त्याला. पब चिडीचूप, बारवाल्याने ग्लास धुणंसुद्धा थांबवलं. अशा वेळी मोबाइल वर करून शूट करू नका, एकाने केलं तर चार जणांनी फक्त बघितलं त्याच्याकडे, तेवढं पुरलं.

रविवार: डेरिगिमला आणि बॅलिनाहिंच

निघताना आजींनी ब्राऊन ब्रेडचा अख्खा लोफ बांधून दिला, वर "शाकाहारी गृहस्थांसाठी" असं बजावून.

क्लिफडनच्या दक्षिणेला डेरिगिमला बॉगमधे पाच किलोमीटरची सपाट वाट आहे, अगदी सोपी. मार्कोनीचं अटलांटिकपार संदेश पाठवणारं वायरलेस स्टेशन १९०७ पासून इथे होतं, आता नुसते पाये उरलेत. आणि १५ जून १९१९ ला अल्कॉक आणि ब्राऊन हे दोघं न्यूफाउंडलंडहून न थांबता सोळा तास उडून इथेच उतरले, पहिल्यांदाच कुणी अटलांटिक असा पार केला. वरून हिरवं सपाट कुरण वाटलं म्हणून उतरवलं, ती निघाली दलदल, विमान नाकावर रुतलं. काल एक पाय बुडवून आलेल्या जावईबापूंना या दोघांबद्दल फारच आपुलकी वाटली.

मग बॅलिनाहिंच. रणजी १८९६ मधे इंग्लंडकडून पहिल्या टेस्टमधे ६२ आणि नाबाद १५४ करणारे, पुढे १९१५ मधे शिकारीच्या अपघातात एक डोळा गेलेले. १९२४ मधे त्यांनी नदीकाठचा हा वाडा विकत घेतला, तो सामन माशांच्या मासेमारीसाठी, आणि १९३३ मधे जाईपर्यंत उन्हाळ्यात इथे येत राहिले. आता हॉटेल आहे, राहणं आमच्या बजेटच्या बाहेर, पण चहा प्यायला आणि नदीकाठी फिरायला कुणीही जाऊ शकतं. पबला लागून असलेल्या खोलीला रणजींचंच नाव आहे. नदीवर मासे धरायला उभं राहण्यासाठी जे दगडी ओटे आणि झोपड्या त्यांनी करून घेतल्या त्या अजून आहेत. हे एका ओट्यावर जाऊन उभे राहिले आणि डाव्या पायावरून लेग ग्लान्सची ॲक्शन केली. फोटो आहे, पण टाकायची परवानगी नाही.

तिथे एक गाइड, गिली म्हणतात त्यांना, गळ आवरत होता. मिळाला का मासा, विचारलं. म्हणाला नदीला पाणीच नाही, सामन समुद्राच्या तोंडाशी थांबलेत, चांगला दोन दिवस पाऊस झाला पाहिजे तेव्हा वर चढतील. आम्ही चौघं ओल्या मोज्यात उभे होतो. जावईबापूंनी अत्यंत नम्रपणे विचारलं, "म्हणजे काल झाला तो?" तो म्हणाला, "तो पाऊस नव्हता."

गाडी नसेल तर गॉलवेहून क्लिफडन आणि लेटरफ्रॅकला बस आहे, पण दिवसाला मोजक्याच फेऱ्या, रविवारी अजून कमी, परतीची वेळ आधी बघा. खोल्या उन्हाळ्यात लवकर भरतात, दोन-तीन महिने आधी घ्या. इनिशबोफिनची बोट क्लेगनहून सुटते, ती आमची राहिली. भाची म्हणतेय पुढच्या वर्षी मे महिन्यात या, तेव्हा मिज फारसे नसतात.